विषय: ब्रिटनमध्ये लेक्चररपद – नेट-सेट नाही, मग तयारी कशाची?

सप्रेम नमस्कार,

संख्याशास्त्रातील माझा पीएच.डी.चा प्रबंध येथील विद्यापीठात लवकरच सादर होईल. पुढे ब्रिटनमध्येच लेक्चरर व्हावे अशी इच्छा आहे. परंतु नेट किंवा सेटसारखी पात्रता परीक्षा येथे नसल्याने तयारी नेमकी कशाची करावी, ते उमगत नाही. मंडळातील अध्यापकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

– एक संशोधक सदस्या

---

नमस्कार,

परीक्षा नाही म्हणजे कसोटी नाही, असे मात्र समजू नये. जाहिरातीसोबत ‘पर्सन स्पेसिफिकेशन’ नावाचे पत्रक असते. त्यात ‘आवश्यक’ आणि ‘इष्ट’ अशा पात्रता मांडलेल्या असतात, आणि निवड समिती ते पत्रक समोर ठेवूनच अर्जांची छाननी करते. शोधनिबंधांची यादी कितीही भक्कम असली, तरी एखाद्या आवश्यक मुद्द्याचा अर्जात पुरावाच नसेल, तर तो अर्ज बहुधा तेथेच मागे पडतो.

समजा, पत्रकात ‘विविध पातळ्यांवर अध्यापनाची क्षमता’ मागितली आहे. त्यावर ‘मी सेमिनार घेतले आहेत’ एवढेच लिहिणे म्हणजे संधी वाया घालवणे होय. त्याऐवजी, दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी सहसंबंधालाच कारण समजत होते, म्हणून त्यांना वर्गातच खरी आकडेवारी देऊन पर्यायी स्पष्टीकरणे शोधायला लावली, आणि त्यानंतर त्यांच्या अहवालांत काय बदलले, असे लिहावे. समितीला हवा असतो तो हा विचार, विशेषणे नव्हेत.

असा अनुभव पीएच.डी. चालू असतानाच, तासिका तत्त्वावर का होईना, मिळवावा. त्याच्या आधारे ‘अ‍ॅडव्हान्स एचई’ची असोसिएट फेलोशिप (उच्चशिक्षणातील अध्यापनाला या ब्रिटिश संस्थेकडून मिळणारी व्यावसायिक मान्यता) मिळवता येते, आपल्या विद्यापीठात त्यासाठी मान्यताप्राप्त कार्यक्रम आहे का, याची चौकशी करावी. मुलाखतीआधी विभागाचा अभ्यासक्रम वाचून, त्यातील कोणते विषय आपण शिकवू शकू, हे ठरवून जावे. हा प्रश्न हमखास येतो, आणि ‘काहीही शिकवीन’ हे उत्तर ऐकून कोणीच खूश होत नाही.

– निवड समित्यांवर काम केलेला एक सदस्य

---

नमस्कार,

वरील पत्रास एक पुरवणी. पद ‘अध्यापन व संशोधन’ स्वरूपाचे आहे की केवळ अध्यापनाचे, आणि कायम आहे की मुदतीचे, हे अर्जापूर्वीच पाहावे, कारण नाव दोन्हीकडे ‘लेक्चरर’ असले तरी संशोधनाला मिळणारा वेळ फार वेगळा असतो. कायम पदावरही सुरुवातीला प्रोबेशन असते आणि त्या काळात अनेक ठिकाणी उच्चशिक्षण-अध्यापनाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. त्यासाठी तासिकांच्या भारात किती सवलत मिळेल, हे नेमणूक स्वीकारण्यापूर्वी विभागप्रमुखांना ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावे. तोंडी आश्वासन देणारे विभागप्रमुख बदलतात.

– एक अध्यापक सदस्या