तुलूझकडचं फ्रेंच वेगळं का ऐकू येतं?

प्रश्न: पॅरिसच्या ध्वनिफितींवर कान तयार झालाय, पण दक्षिण फ्रान्समधल्या तुलूझ-मार्सेयकडचं बोलणं पकडता येत नाही. नेमकं काय बदलतं?

उत्तर १: पॅरिसमध्ये गिळला जाणारा शेवटचा स्वर तिकडे उच्चारतात. गुलाबाचं ‘रोझ’ तिथे ‘रॉझ्अ’ होतं, उच्चारात एकाची दोन अक्षरं. पावाच्या ‘पॅं’ला शेवटी हलका ‘ङ्’ लागतो, ‘पॅङ्’. आधी एवढंच पकडा.

उत्तर २: कॅनडातल्या फ्रेंचभाषक क्वेबेकमध्ये फिरकी निराळी! ‘इ’ आणि ‘यु’पूर्वी त-द घासले जातात: ‘त्यु’चं (तू) ‘त्स्यु’, ‘दिर’चं (म्हणणे) ‘द्झिर’.

उत्तर ३: दक्षिणी हेल ‘गोड’ म्हणायचा आणि बातम्या वाचायला नको म्हणायचं, हा अन्यायच. नोव्हेंबर २०२० मध्ये फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने उच्चारावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचं विधेयक ९८ विरुद्ध ३ मतांनी संमत केलं होतं. दक्षिणी उच्चार चुकीचा समजून सुधारू नका.