प्रतिसाद : न्यूझीलंडचं विजेतेपद अर्धवट नाही
भाऊ, दहापैकी सहाच फेऱ्या झाल्या म्हणून २०१९-२० च्या जागतिक सेव्हन्स मालिकेतलं (सेव्हन्स म्हणजे सात-सात खेळाडूंची रग्बी) न्यूझीलंडचं विजेतेपद तुम्ही अर्धवट म्हणता. मला नाही पटत. मार्च २०२० मध्ये व्हँकुव्हरची फायनल त्यांनी ऑस्ट्रेलियाला हरवून जिंकली, तेव्हा गुणतक्त्यात तेच वर होते. मग कोरोनामुळं लंडन, पॅरिस, सिंगापूर, हाँगकाँगच्या फेऱ्या, सगळं रद्द झालं. यात त्यांचा काय दोष? महिलांच्याही आठपैकी पाचच फेऱ्या झाल्या, तिथंही न्यूझीलंडच.

शंका घ्यायचीच तर २०२१ वर घ्या. मालिका व्हँकुव्हर आणि एडमंटन, दोनच ठिकाणी. फिजी, न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आलेच नाहीत.

फिजीच्या पोरांचं तर ऐकूनच जीव भरून येतो. ऑलिम्पिकआधी महिनोन्‌महिने घरादारापासून दूर शिबिरात राहिली, टोकियोला गेली ती गोठवलेली मासळी नेणाऱ्या मालवाहू विमानातून, आणि फायनलमध्ये न्यूझीलंडला २७-१२ हरवून सुवर्ण घेतलं.

आमच्या यवतमाळकडं कापसाची वेचणी आटोपली की गावोगावी कबड्डीचे सामने भरतात. कोरोनात ते बंद पडले. मैदानावर रेघा मारायचा चुना पोत्यातच दगड झाला. ऐन भरातली पोरं जिनिंगवर, पुण्याच्या कंपन्यांत कामाला लागली. पुढं सामने सुरू झाले तरी बरीचशी परतली नाहीत. सेव्हन्समध्येही सात-सात मिनिटांचे दोन डाव, सगळा खेळ पायातल्या वेगावर. पदार्पणाच्या उंबरठ्यावरच्या खेळाडूची दोन वर्षं गेली की ती कोण भरून देणार? तक्त्यावर वाद घालण्यापेक्षा त्या पोरांबद्दल कोणी लिहिलं तर मी नक्की वाचीन.