‘एकदा दुर्बीण टाकून बघून घेऊ’ – बघून पुढे काय?

रानजाई
वाद घालायलाच धागा काढतेय, तेव्हा आधीच सांगते की मत ठाम आहे आणि थोडं कडूही आहे.

लग्नाला चार वर्षं झाली होती, दिवस राहत नव्हते. पाळीचे पहिले दोन दिवस मी आडवी, पण ते शाळेपासूनचंच, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. मलाही नाही. सोनोग्राफी नॉर्मल. डॉक्टर म्हणाल्या, "एकदा दुर्बीण टाकून बघून घेऊ. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भपिशवीच्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं, असेल तर कळेल, नळ्याही तपासून होतील." पोटाला छिद्र पाडून कॅमेरा घालायचा, त्या लॅप्रोस्कोपीला मी हो म्हटलं. संमतीचा कागद ट्रॉलीवर झोपल्यावर पुढे आला. सही केली.

शुद्धीवर आल्यावर कळलं ते एवढं: नळ्या दोन्ही मोकळ्या, पिशवीच्या मागच्या बाजूला काळसर ठिपके, एंडोमेट्रिओसिस, पहिली पायरी. म्हटलं, काढले ना मग? तर नाही! कागदावर फक्त ‘निदानात्मक’ लिहिलं होतं आणि ते काम करणारे सर्जन त्या दिवशी नव्हते. हवं तर पुन्हा करू म्हणाले. म्हणजे पोटाला तीन भोकं, पूर्ण भूल, आठ दिवसांची रजा आणि हातात एक शब्द. पुढे सुचवलं काय, तर बीज तयार व्हायच्या गोळ्या आणि आययूआय (वीर्य नळीने थेट पिशवीत सोडणं). ते तर दुर्बीण न टाकताही सुचवलंच असतं.

म्हणून म्हणते, नुसतं बघायला म्हणून शस्त्रक्रिया करून घेऊ नये. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संस्थेने, एश्रेने, २०२२च्या मार्गदर्शिकेत ‘लॅप्रोस्कोपी म्हणजे निदानाची अंतिम कसोटी’ हे समीकरण सोडून दिलं. सोनोग्राफी-एमआरआयमध्ये काही सापडत नसेल, किंवा औषधांचा गुण येत नसेल वा ती देता येत नसतील, तरच दुर्बीण, असं ते म्हणतात. आपल्याकडे मात्र अजून ‘टाकून बघू’ चालूच.

सांजवात
रानजाई, तुमच्यावर झालं ते चुकीचंच. पण तो राग शस्त्रक्रियेवर काढू नका.

मी अकरा वर्षं पोट धरून काढली. तीन सोनोग्राफ्या नॉर्मल. सासूबाई म्हणायच्या, "आम्हाला नाही का व्हायचं?" ऑफिसात मला ‘महिन्याची सुट्टी’ असं नाव पडलं होतं. दुर्बिणीत दिसलं की डावा अंडाशय मागे चिकटून बसलाय आणि अस्तराचे डाग लांबवर पसरलेत. त्याच बैठकीत सर्जनबाईंनी ते सोडवले, कापून काढले. मूल अजून नाही. पण पाळीच्या पहिल्या दिवशी मी लोकल पकडून कामावर जाते. ‘हातात एक शब्द’ असं तुम्ही हिणवून म्हणालात ना, तो शब्द मला अकरा वर्षं कुणी दिला नव्हता. नवरा अहवाल वाचून गप्प बसला आणि मग म्हणाला, "म्हणजे तू खोटं बोलत नव्हतीस." हे ऐकायला पोटाला आणखी चार भोकं पडली असती तरी चाललं असतं.

आणि ती एश्रेची ओळ तुम्हीच नीट वाचा. तुमची सोनोग्राफी नॉर्मल होती. एंडोमेट्रिओसिसवरच्या डायनोजेस्टसारख्या गोळ्या चालू असताना सहसा दिवस राहत नाहीत, म्हणजे मूल हवं असणाऱ्या बाईला त्या देऊन उपयोग नाही. तुम्ही त्या ‘तरच’मध्ये फिट बसता.

रानजाई
बसते, मान्य. पण ‘तरच’मध्ये बसणं म्हणजे ‘करायलाच हवं’ असं नाही ना.

आकडेमोड
या प्रश्नावर दोन अभ्यास नेहमी समोरासमोर ठेवले जातात. कॅनडातला १९९७ चा: सौम्य एंडोमेट्रिओसिस असलेल्या, मूल न होणाऱ्या ३४१ बायका. निम्म्यांचे डाग त्याच शस्त्रक्रियेत काढले वा जाळले, निम्म्यांचं नुसतं बघितलं. ३६ आठवड्यांत पहिल्या गटात ३०.७ टक्के, दुसऱ्यात १७.७ टक्के जणींना दिवस राहून गर्भ वीस आठवड्यांपुढे गेला. नंतर इटलीतला, सुमारे शंभर बायकांचा. त्यात फरक दिसलाच नाही.

कॅनडाचा अभ्यास मोठा, म्हणून तोच धरू. १३ टक्क्यांचा फरक म्हणजे साधारण आठ जणींचे डाग काढल्यावर एक जादा गर्भधारणा. पण या आठही जणींना एंडोमेट्रिओसिस आहे हे आधीच ठरलेलं. नॉर्मल सोनोग्राफीवाल्या बायकांत समजा निम्म्यांनाच तो निघाला, तर एका जादा गर्भधारणेसाठी सोळा जणींना भूल. हा हिशेब कुणी टेबलावर मांडतं का? बरं, नुसतं बघितलेला गट म्हणजे रानजाई! तिला फायदा मिळण्याची शक्यताच काढून घेतली होती. माझं मत, करायची तर काढायच्या तयारीने, नाहीतर अजिबात नाही.

नाशिककर_भूलवाला
भूलतज्ज्ञ आहे, रोज टेबलाच्या डोक्याच्या बाजूला उभा असतो. ‘छोटंसं ऑपरेशन’ आणि ‘पोट फाडणार’ या दोन टोकांच्या मध्ये काय घडतं ते सांगतो.

शक्यतो पाळी संपल्यावर, बीज फुटायच्या आधीचे दिवस निवडतात. सहा तास पोट रिकामं, पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं. पूर्ण भूल, घशात नळी, म्हणून दुसऱ्या दिवशी घसा खवखवतो. बेंबीतून सुई किंवा नळी घालून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, पोट तंबूसारखं वर उचललं जातं. टेबल डोक्याकडे खाली झुकवतात, म्हणजे आतडी छातीकडे सरकतात आणि ओटीपोट मोकळं दिसतं. बेंबीतून कॅमेरा, बाजूला एक-दोन पाच मिलिमीटरची छिद्रं. खालून पिशवीत निळा रंग ढकलतात. नळीच्या टोकातून तो ओघळला की नळी मोकळी. बहुतेक ठिकाणी त्याच वेळी हिस्टेरोस्कोपीही, म्हणजे पिशवीच्या आत कॅमेरा. नुसतं बघायचं असेल तर अर्धा-पाऊण तास, काढायचं असेल तर दोन-तीन तासही.

पोटातल्या टाक्यांपेक्षा खांदा जास्त दुखतो, हे कुणी सांगत नाही. उरलेला गॅस श्वासपटलाला डिवचतो आणि मेंदूला ते दुखणं खांद्यातलं वाटतं. हिंडा-फिरा, दोन-तीन दिवसांत जातं. लघवी हिरवट-निळी झाली तर घाबरू नका, तो रंग. पोट फुगतं, सलवारीची नाडी आठवडाभर सैल ठेवा.

धोका कमी, पण शून्य नाही. ब्रिटनच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं कॉलेज गंभीर इजेचं प्रमाण हजारात दोन सांगतं: आतडं, मूत्राशय, रक्तवाहिनी. आतड्याची इजा कधी कधी टेबलावर दिसत नाही. म्हणून घरी गेल्यावर दुखणं दिवसेंदिवस कमी व्हायला हवं. वाढत असेल, ताप, उलट्या, पोट टणक असेल तर ‘गॅस असेल’ म्हणत ओवा खात बसू नका. त्याच दिवशी परत या.

चहाबाज
पुरुष आहे, बोललो तर चालेल ना?

बायकोची दुर्बीण झाली, नळ्यांचा एक्स-रे झाला, रक्ताच्या बाटल्यांवर बाटल्या झाल्या. वर्षभराने नवीन डॉक्टरांनी विचारलं, "यांची वीर्यतपासणी कुठंय?" कुणी सांगितलीच नव्हती. आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नव्हतं. आईला वाटायचं आमच्या घरात तसं काही असूच शकत नाही. रिपोर्ट आला, शुक्राणूंची संख्या एवढी कमी की सरळ इक्सीकडे पाठवलं. त्यात इंजेक्शनने एकेका बीजात एकेक शुक्राणू सोडतात, नळ्या मोकळ्या असोत-नसोत काय फरक पडतो? बायकोच्या बेंबीखालचा व्रण बघितला की अजून मान खाली जाते.

काही शे रुपयांची, विनासुईची तपासणी आधी. दुर्बीण-बिर्बीण मग.

सांजवात
चहाबाज, +१००. फक्त तुमच्या बायकोलाही पाळीत दुखत होतं का, हे तुम्ही लिहिलं नाहीत.

चहाबाज
नाही लिहिलं. दुखायचं. आजही दुखतं. त्या वेळी विषय मुलाचा होता, दुखण्याचं कुणी विचारलंच नाही.

ज्वारीची_भाकर
परभणी जिल्ह्यातून लिहितेय. सगळे युरोपाच्या गप्पा मारताय, मीही थोडं बोलते.

एंडोमेट्रिओसिस नीट ओळखणारी सोनोग्राफी म्हणजे अंडाशय, आतडं, पिशवीच्या मागची जागा सरकते की चिकटलीय हे हात फिरवत बघणारी. ती करणारं माणूस आमच्याकडे नाही. संभाजीनगरला जा, तिथून पुण्याला जा. आमच्यासाठी तीन फेऱ्यांपेक्षा एक दुर्बीण स्वस्त पडते, हे कुठल्या मार्गदर्शिकेत बसवायचं?

आणि दुसरं. माझ्या दुर्बिणीत एंडोमेट्रिओसिस निघालाच नाही. नळ्यांवर बाजरीच्या दाण्यासारखे पांढरे ठिपके होते. तुकडा तपासला, टीबी! ना खोकला, ना ताप. वजन थोडं उतरलं होतं, पण शेतावरच्या बाईचं वजन कोण मोजतं? सहा महिने सरकारी गोळ्या घेतल्या, फुकट. पिशवी-नळ्यांचा टीबी आपल्या देशात मूल न होण्यामागचं ठळक कारण आहे, तिकडे तो क्वचित. तिकडच्या तज्ज्ञांनी ‘आधी दुर्बीण नको’ म्हणताना माझ्या नळ्या डोळ्यांसमोर ठेवल्या नव्हत्या.

आकडेमोड
हे मी हिशेबात धरलं नव्हतं. माझे सोळा इथे लागू होत नाहीत. तरी विचारतो, पिशवीच्या अस्तराचा तुकडा बाह्यरुग्ण विभागातही घेता येतो ना?

ज्वारीची_भाकर
घेतला होता, त्यात काही निघालं नव्हतं. अस्तर दर महिन्याला गळून जातं, त्यामुळे जंतू त्या तुकड्यात सापडतीलच असं नाही.

अबोली_ठाणे
सगळे ‘त्याच बैठकीत काढून टाका’ म्हणताय म्हणून दुसरी बाजू मांडते. माझ्या दोन्ही अंडाशयांत चॉकलेट सिस्ट होत्या. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आत जुनं, घट्ट, तपकिरी रक्त साचलेलं असतं, म्हणून हे लाडकं नाव. चॉकलेटशी माझं तेव्हापासून बिनसलंय.) सर्जनने दोन्ही सोलून काढल्या. छान झालं म्हणाले. आधी एएमएच (अंडाशयात बीजांचा साठा किती उरलाय याचा अंदाज देणारी रक्ततपासणी) २.६ होतं, सहा महिन्यांनी ०.८. सिस्टच्या सालीबरोबर अंडाशयाचा चांगला भागही निघतो, हे मला आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या) दारात कळलं. तीच एश्रे हेही सांगते की आयव्हीएफच्या आधी सरसकट सिस्ट काढू नका.

तेव्हा ‘दिसलं की काढ’ हा मंत्र पोटाच्या अस्तरावरच्या डागांना ठीक. अंडाशयाला हात लावायचा तर एएमएच आधी बघा, वय बघा, आणि बीजं गोठवायची का हे आधी विचारा. मी ३६ ची होते. कुणी विचारलं नाही.

सांजवात
अबोली, वाईट वाटलं. पण माझ्या चिकटलेल्या अंडाशयाला हात लावला नसता तर दुखणंही राहिलं असतं.

अबोली_ठाणे
हो, दुखणं माझंही गेलं. कशाची किंमत मोजायची हे मला आधी सांगायला हवं होतं, एवढंच म्हणतेय.

मोजपट्टी
विम्याचं बघा. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात वंध्यत्वावरचे उपचार हा नेहमीचा अपवाद असतो, पॉलिसीत १७ क्रमांकाचं कलम. अ‍ॅडमिशनच्या कागदावर ‘वंध्यत्वासाठी लॅप्रोस्कोपी’ आलं की दावा बाद. ‘ओटीपोटात दुखणं’ लिहून घ्या.

रानजाई
खोटं लिहायला सांगताय?

मोजपट्टी
दुखत असेल तर खोटं कसं? वर चहाबाज यांनीच सांगितलं ना, दुखणं होतं पण कुणी विचारलं नाही. जे आहे ते सगळं डॉक्टरांना सांगा, म्हणजे ते कागदावर येईल. नसेल तर लिहू नका, पुढचे दावेही अडकतील.

रानजाई
दोन दिवस वाचतेय. टीबीचं माझ्या डोक्यातही नव्हतं, ज्वारीची_भाकरताई, तिथे माझं ‘नुसतं बघू नये’ लंगडं पडतं. पण ट्रॉलीवरच्या सहीबद्दल मी तसूभर मागे हटणार नाही. डाग दिसले तर काढणार का, सिस्ट दिसली तर काय, कोण काढणार, व्हिडिओ देणार का, आणि नंतर किती महिने नैसर्गिक प्रयत्न करून मग पुढे जायचं, एवढं आधी बोलल्याशिवाय टेबलावर चढू नये. माझ्या मैत्रिणीला डाग काढल्यावर लगेच सहा महिने पाळी बंद करायच्या गोळ्या दिल्या, आणि ती मुलासाठी गेली होती! तेच सहा महिने तिच्या हातचे गेले.

शुक्रवारची_पाळी
धागा शोधूनच आलेय, गुरुवारी माझी दुर्बीण आहे. सगळं वाचून डोकं भणभणलंय, म्हणून एक साधा प्रश्न. चमकी काढावी लागते का? सोळा वर्षांत काढलेली नाही.

नाशिककर_भूलवाला
काढावी लागते. चमकी, जोडवी, बांगड्या, सगळं. आत डाग जाळायला विजेचं उपकरण वापरतात, अंगावर धातू नको. घट्ट बसली असेल तर बुधवारी सोनाराकडून काढून घ्या, आमच्याकडे पक्कड नसते. नेलपॉलिशही पुसा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लागतो. मंगळसूत्र आईकडे द्या. नवरे ऑपरेशन चालू असताना चहाला जातात.

चहाबाज
🙏

शुक्रवारची_पाळी
आज जाऊन संमतीचा कागद मागितला. आधी ‘उद्या देऊ’ म्हणाले, बसून राहिले तर दिला. मराठीत आहे. ‘निदानात्मक’ शब्दाच्या पुढे ‘गरज असल्यास उपचारात्मक’ हे मॅडमनी स्वतःच्या हाताने लिहिलं आणि खाली सही केली. डाग दिसले तर त्या काढणार आहेत. अंडाशयावर सिस्ट निघाली तर हात लावायचा की नाही, ते आमचं अजून ठरलेलं नाही. नवरा म्हणतो लावा, मी म्हणते नको. बुधवारपर्यंत वेळ आहे.