मुरलीकांत पेटकर : पाय चालत नसताना ५० मीटर ३७ सेकंदात कसं जमलं?

वाळव्याचा_पोरगा
काल घरी पेटकरांचा विषय निघाला, बाबा म्हणाले आपल्या पेठ-इस्लामपूरचा माणूस, १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं गोल्ड आणलं आणि आम्हाला शाळेत कुणी नावसुद्धा सांगितलं नाही. मला कळत नाहीये की ते तर आर्मीत बॉक्सर होते, मग ६५ च्या युद्धात गोळ्या लागून कंबरेखाली लुळे पडल्यावर पोहण्यातच कसे आले? आणि नुसत्या हातांवर ३७.३३ सेकंद? मी धडधाकट, डबा बांधून विहिरीत शिकलोय, मला ५० मीटरला मिनिट लागतं

टाकीवरचे_काका
मी मुलांना पोहायला शिकवतो म्हणून सांगतो. अशा दुखापतीनंतर व्यायाम म्हणून पाण्यात उतरवतात, त्यांचंही पोहणं तिथूनच सुरू झालं. पाण्यात अंगाचं वजन वाटत नाही, पण पाय मारता येत नसले की ते खाली बुडतात आणि मागे ओढतात, म्हणजे प्रत्येक हाताला स्वतःच्याच पायांचं ओझं खेचायचं. बॉक्सिंगने कमावलेले खांदे तिथे कामी आले असणार असं मला वाटतं. त्यांच्या गटात तो तेव्हा वर्ल्ड रेकॉर्ड होता. आणि नुसतं पोहणं नाही हो, ६८ ला तेल अवीवला टेबल टेनिस खेळले आणि हायडेलबर्गलाच भालाफेकीतही फायनल गाठली.

चाकावरून
मी स्वतः व्हीलचेअरवर आहे, ९ वर्षं झाली. पोहताना पायात मोजे घालतो, का माहितीये? पायांना जाणीव नाही, काठाला घासून घोटा सोलवटतो आणि कळतच नाही, पाण्यात लाल दिसलं की मग समजतं, आणि ती जखम महिनोन् महिने भरत नाही. व्हीलचेअरवरून काठावर, काठावरून पाण्यात, एवढ्यातच माझी निम्मी ताकद जाते. त्यामुळे ३७ सेकंद वाचलं की मला आधी हे सगळं आठवतं. पुढचं गोल्ड २००४ ला अथेन्सला, देवेंद्र झाझरियाचं भालाफेकीत, मधे ३२ वर्षं. पेटकरांना पद्मश्री २०१८ ला, अर्जुन जीवनगौरव पुरस्कार तर थेट २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीत. हे मला खरंच लागतं मनाला.

करमाळा_एक्सप्रेस
आमच्या करमाळ्याच्या सुयश जाधवला विसरू नका, तोही पोहणारा! लहानपणी विजेचा शॉक लागून दोन्ही हात गेले, त्याचं पेटकरांच्या बरोब्बर उलटं, हात नाहीत आणि जास्त मदार पायांवर. २०१८ ला जकार्ताला एशियन पॅरा गेम्समध्ये ५० मीटर बटरफ्लायचं गोल्ड. आता पोहण्यात शारीरिक अपंगत्वाचे गट एस१ ते एस१० असे असतात, शरीर पाण्यात किती काम करतं ते बघून ठरवतात, तो एस७ मध्ये

वाळव्याचा_पोरगा
काका, चाकावरून दादा, सगळ्यांचे मनापासून आभार, बाबांना वाचून दाखवलं. दादा, टाकीवर तुम्हाला पाण्यात उतरायला कोण मदत करतं? आमच्या गल्लीत एक मुलगा आहे, त्याचेही पाय चालत नाहीत, त्याच्या आईला विचारायचंय

चाकावरून
माझा भाऊ असतो. आधी डॉक्टरांना विचारा, अंगावर जखम असेल तर ती भरेपर्यंत थांबा. आणि मोजे विसरू नका.