घरच्या सर्व्हरचा पोर्ट बाहेरून उघडत नाही, बजेट १,५००

टिळकवाडीकर: जुन्या डेस्कटॉपवर उबुंटू घालून इम्मिच (स्वतःच्या सर्व्हरवर फोटो ठेवायचं ॲप) चालवतोय. घरच्या वायफायवर फोटो झकास दिसतात. ताई कोल्हापूरला असते, तिला तिकडून बघायचेत. राउटरमध्ये इम्मिचचा पोर्ट २२८३ सर्व्हरकडे फॉरवर्ड केलाय, यूएफडब्ल्यूमध्येही (उबुंटूची फायरवॉल) परवानगी दिलीय. तरी बाहेरून टाइमआउट. काय राहिलं? १,५०० च्या आत बसवा, दर महिन्याचा खर्च नको.

शहापूर_पेठ: सरळ नास (नेटवर्कवर चालणारा तयार स्टोरेजचा डबा) घे की. माझा तीसेक हजारांत आला, एकदम मस्त चाललाय.

खानापूर_रोड: आधी इन्व्हर्टरचं बघ. आमच्याकडं पाऊस लागला की लाईट जाते. पीसी, राउटर आणि फायबरचा डबा तिन्ही इन्व्हर्टरवर पाहिजेत.

वडगावकर: मोबाईल डेटावरून तपासलास काय? घरच्याच वायफायवरून पब्लिक आयपी टाकला तर बरेच राउटर आत वळवत नाहीत. तिथूनही टाइमआउट आला तर राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) बघ. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर सीजीनॅट, म्हणजे एकच पब्लिक आयपी कितीतरी घरांत वाटलेला. मग फॉरवर्डिंगचा काही उपयोग नाही.

निपाणी_नेट: सीजीनॅटच असणार. स्टॅटिक आयपी (फक्त तुझा, न बदलणारा पब्लिक पत्ता) घे. महिन्याला पैसे जातात, पण डोक्याला ताप नाही.

शहापूर_पेठ: नासला हे काही लागत नाही, कंपनीचा रिले असतो, म्हणजे जोडणी त्यांच्या सर्व्हरमधून जाते.

अनगोळ_नाका: यूएफडब्ल्यूवर विसंबू नका. इम्मिच डॉकरमध्ये (ॲप वेगळ्या कंटेनरमध्ये चालवायची सोय) असणार, आणि डॉकर आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये) स्वतःचे नियम घालतं. यूएफडब्ल्यूत 'डिनाय' असलं तरी पोर्ट उघडाच राहतो! घरातल्या बायकापोरांचे फोटो एचटीटीपीएसशिवाय नेटवर ठेवायचे नाहीत. टेलस्केल (आपलीच उपकरणं जोडणारं खासगी व्हीपीएन) टाका, घरगुती वापराला फुकट, पोर्ट उघडायलाच नको.

खानापूर_रोड: टेलस्केलच. पण इन्व्हर्टर घ्याच.

टिळकवाडीकर: वडगावकर, बरोबर. वॅन आयपी १००.७२ नं सुरू होतोय. केबलवाल्या अण्णांना फोन केला तर म्हणाले, "राउटर बंद करून चालू करा." पण त्याच पानावर आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा, वाटून न घेतलेला) पत्ता दिसला, आणि ताईच्या सिमवरही आयपीव्ही६ आहे. तिथं नॅटचा प्रश्नच नाही. म्हणून वायरगार्ड (स्वतःच चालवायचं व्हीपीएन) बसवलं, राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये सर्व्हरसाठी फक्त त्याचा ५१८२० यूडीपी पोर्ट उघडला, २२८३ चं फॉरवर्डिंग काढून टाकलं. पत्ता बदलला तर म्हणून डायनॅमिक डीएनएस लावलंय, म्हणजे नाव तेच राहतं. टेलस्केल चांगलंच आहे, पण मला मध्ये तिसऱ्याचं खातं नको. ताईला फोटो दिसायला लागले, खर्च शून्य.

निपाणी_नेट: तिच्या वायफायला आयपीव्ही६ नसलं तर?

टिळकवाडीकर: तर मोबाईल डेटावरून बघेल.