३१० स्टेनलेस स्टीलची टोपली थंड झाल्यावर काचेसारखी का तुटली?

प्रश्नकर्ता, मकरपुरा (वडोदरा):
आमच्या कारखान्यातील भट्टी साधारण ७५० अंश सेल्सिअसवर चालते आणि तिच्यातील टोपल्या ३१० स्टेनलेस स्टीलच्या आहेत. दोन वर्षे काहीही तक्रार नव्हती; परंतु दिवाळीच्या शटडाउनमध्ये एक थंड टोपली जेमतेम हातभर उंचीवरून फरशीवर आदळली आणि तिचा कान सरळ तुटून पडला. स्पेक्ट्रो तपासणीत क्रोमियम २५ आणि निकेल २० टक्क्यांच्या आसपासच आहे, म्हणजे माल बरोबर आहे. मग दोष कशाचा?

पहिले उत्तर:
स्पेक्ट्रो केवळ मूलद्रव्यांचे प्रमाण सांगतो, त्यांची आतील मांडणी सांगत नाही. सुमारे ६०० ते ९०० अंशांच्या पट्ट्यात दीर्घकाळ राहिल्यास या जातीत लोह आणि क्रोमियम यांची सिग्मा फेज (दोन्हींचे एक संयुग) हळूहळू, मुख्यतः कणांच्या सीमांवर, तयार होते. ती कठीण आणि अतिशय ठिसूळ असते. भट्टीच्या तापमानाला पोलाद बऱ्यापैकी ताण सोसते, त्यामुळे चालू कामात काहीच जाणवत नाही. थंड झाल्यावर मात्र धक्का बसताच तडा या सीमांवरून धावतो. कठीणपणाच्या आकड्यावर विसंबू नका, चिवटपणा किती घसरला हे चार्पी चाचणीतच (खाच पाडलेला नमुना लोलकाच्या धक्क्याने तोडून) उघड होते.

दुसरे उत्तर:
ताकद दुप्पट, म्हणून डुप्लेक्स २२०५ (फेराइट आणि ऑस्टेनाइट अशा दोन रचना असलेले स्टेनलेस) वापरून पाहा.

तिसरे उत्तर:
क्षमस्व, पण हा सल्ला घातक आहे. डुप्लेक्समधील फेराइटमुळे सिग्मा कितीतरी लवकर तयार होते, शिवाय ४७५ अंशांच्या आसपासचा ठिसूळपणा वेगळाच. म्हणूनच ते सहसा ३०० अंशांच्या वर चालवत नाहीत. बदलायचेच असेल तर सुमारे ३५ टक्के निकेलचे ३३० जातीचे स्टेनलेस पाहा. ते महाग आहे, परंतु सिग्माचा त्रास त्यात जवळजवळ नसतो.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. तडा वेल्डमध्ये नसून मूळ पट्टीतच आहे. उरलेल्या टोपल्या भंगारात घालाव्यात का?

पहिले उत्तर देणारे:
लगेच नको. १०५० ते ११०० अंशांवर तापवून पाण्यात झपाट्याने थंड केल्यास सिग्मा विरघळते, मात्र पट्ट्या वाकण्याची भीती असते आणि ७५० अंशांवर ती पुन्हा येतेच. आधी तुटलेल्या कानाचा तुकडा पॉलिश करून कॉस्टिकच्या (तीव्र अल्कलीच्या) द्रावणात विद्युत-एचिंग (वीज सोडून पृष्ठभाग किंचित खोदणे) करून घ्या, सिग्मा सूक्ष्मदर्शकाखाली रंगाने वेगळी दिसेल. तोवर थंड टोपलीवर हातोडा चालवू नका.