२४ नंबरच्या फ्लायसाठी गळ

फ्लाय म्हणजे गळावर दोरा गुंडाळून बांधलेलं किड्यासारखं आमिष; गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान. २४ नंबरची मिज (चिलटासारखी बारीक फ्लाय) बांधायची तर नेहमीचा ड्राय फ्लायचाच, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायचा, गळ २४ मध्ये घ्यावा असा सल्ला दिला जातो. मला हे पटत नाही. एवढ्या लहान गळात टोक आणि दांडी यांच्यातली फट आधीच कमी. त्यात दोऱ्याचं अंग आणि थोडं डबिंग (दोऱ्यावर वळलेले केस-तंतू) आलं की ती बुजतेच. ट्राउट मासा फ्लाय तोंडात घेतो, पण टोक रुतत नाही.

अमेरिकेत कोलोरॅडोत साउथ प्लाट नदीवर, चीझमन कॅन्यनमध्ये, हिवाळ्यात ट्राउटचं खाणं बरंचसं मिज या चिलटांवरच चालतं. तिथे मी टीएमसी (टायमको कंपनी) २४८८ हा गळ वापरतो. दांडी आखूड, फट रुंद, डोळा (दोरी ओवायचं भोक) सरळ. दांडी आखूड असल्याने २० नंबरवर बांधलेली फ्लाय २२-२४ एवढी दिसते आणि पकड मात्र २० ची मिळते. डोळा सरळ हवाच, खाली वाकलेला डोळा फटीतली जागा खातो. बारीक तार उघडते ही तक्रार खरी आहे. मोठे मासे असतील तिथे २४८८एच घ्या, तार जाड असते. ट्रायको या इवल्या पाणकिड्यासारख्या सडपातळ ड्राय फ्लायला मात्र सरळ दांडीचा टीएमसी १०१ बरा.

बार्ब (टोकामागचा उलटा काटा) व्हाइसमध्ये, म्हणजे बांधताना गळ धरणाऱ्या पकडीत, गळ लावण्याआधीच दाबा, टोक तुटलं तर बांधलेली फ्लाय वाया जाते. आणि फ्लायच्या गाठीवरचं वार्निश ओलं असतानाच डोळ्यातून टिपेटचा (फ्लाय जिला बांधतात त्या बारीक दोरीचा) तुकडा ओवून काढा. ७एक्स जाडीचं टिपेट जेमतेम ०.१० मिमी असतं, तरी बुजलेल्या डोळ्यातून तेही जात नाही, आणि नदीवर गारठलेल्या बोटांनी तो साफ करणं फार अवघड.